ठाणे : 'एआय पीसी' घ्यावा की जुन्याच लॅपटॉपला एसएसडी बसवावी?

घोडबंदर_रोड

घरचा लॅपटॉप असा आहे : आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम (डीडीआर४-२४००, एकच पट्टी), १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. कामं : टॅली प्राइम, एका प्रायव्हेट लिमिटेडचं जीएसटी रिटर्न डीएससी टोकन (डिजिटल सही साठवणारा यूएसबी तुकडा) लावून, सोसायटीची इतिवृत्तं युनिकोड मराठीत, आणि २०१४ सालचा लेझर प्रिंटर.

दुकानदार 'एआय पीसी' म्हणून आर्म प्रोसेसरचा (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीचा), ४५ टॉप्स एनपीयूचा लॅपटॉप सुचवतोय. (एनपीयू म्हणजे चिपमधला एआयच्या गणितासाठीचा वेगळा भाग, टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया.) बजेट ८५ हजार. दोन प्रश्न आहेत. या कामांना एनपीयूचा काही उपयोग होतो का? आणि मराठी मजकूर नेटशिवाय, घरच्याच मशीनवर एआयकडून तपासून घेता येतो का? इतिवृत्तात सभासदांची नावं आणि थकबाकीचे आकडे असतात, ते बाहेर पाठवायचे नाहीत.

ऐरोली_सेक्टर८

आधी डीएससीचं बघा, सगळा निर्णय तिथेच अडतो.

आर्मवरच्या विंडोज ११ मध्ये प्रिझम नावाचा एम्युलेटर आहे. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले प्रोग्राम तो जागच्या जागी उलगडून आर्मवर चालवतो, म्हणून बहुतेक साधे प्रोग्राम चालून जातात. पण कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) बसणारा ड्रायव्हर त्याच्या हाताबाहेर आहे. तो आर्म६४ (६४ बिटी आर्म) साठीच बनवलेला लागतो. टोकन विंडोजच्या स्वतःच्या स्मार्टकार्ड ड्रायव्हरवर चालणारं असलं, तरी सोबतच्या मिडलवेअरची (टोकन आणि ब्राउझर जोडणाऱ्या प्रोग्रामची) डीएलएल फाइल इंटेलसाठीची असेल तर आर्मचा नेटिव्ह ब्राउझर ती लोड करू शकत नाही. मग टोकनचा दिवा लागतो, पण सही करताना यादीत सर्टिफिकेटच दिसत नाही, आणि माणूस पासवर्डला नाहीतर एमसायनरला (जीएसटी पोर्टलच्या सहीच्या प्रोग्रामला) दोष देत बसतो. प्रोप्रायटरला ओटीपीवर ईव्हीसी (इलेक्ट्रॉनिक पडताळणी) करता येतं, कंपनीला डीएससी सक्तीची आहे. म्हणजे २० तारखेला (मासिक रिटर्नच्या मुदतीच्या दिवशी) टोकन चाललं नाही तर पळवाट नाही.

प्रिंटरचंही तेच. जुना इंटेल ड्रायव्हर आर्मवर बसत नाही. प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि आयपीपी (नेटवर्क छपाईची सर्वसाधारण पद्धत) समजत असेल तर विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो. फक्त यूएसबीचा, कंपनीच्या ड्रायव्हरवरच अवलंबून असणारा असेल तर आशा धरू नका.

दुकानात जाताना टोकन आणि प्रिंटरचं मॉडेल नाव घेऊन जा. टोकन देणाऱ्याकडून 'आर्म६४ विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का' याचं उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी 'विंडोजवर चालतं' याला काही अर्थ नाही.

नौपाडा_वाचक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टॉप्समध्ये शोधू नका, मेमरीच्या वेगात शोधा.

भाषा-मॉडेल (मजकूर लिहिणारं एआय) एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा (डीएससीचं टोकन नव्हे), लिहिताना जवळजवळ अख्खं मॉडेल रॅममधून एकदा वाचून काढतं. ८ अब्ज पॅरामीटरचं (आतल्या आकड्यांचं) मॉडेल, दर आकडा ४ बिटांवर दाबून आणला, की सुमारे ५ जीबी भरतं. तुमच्या एका पट्टीचा वेग सेकंदाला १९.२ जीबी. भागाकार केला की सेकंदाला जेमतेम ४ टोकन, आणि हीसुद्धा कमाल मर्यादा. दुसरी पट्टी लावली की ३८.४ जीबी, म्हणजे ७-८ टोकन. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्यांना ८९.६ जीबी, म्हणजे १८ च्या आतबाहेर. स्नॅपड्रॅगन एक्स एलिट या आर्म प्रोसेसरला १३५ जीबी, म्हणजे २७. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच पडतं. शिवाय ८ जीबीत विंडोज धरून हे मॉडेल मावत नाही. उरलेलं हार्ड डिस्कवर जातं आणि मशीन गोठल्यासारखं होतं.

त्यात मराठीचा स्वतंत्र भार. बऱ्याच मॉडेलांत देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे पडतात, त्यामुळे तेवढ्याच वेगात मराठी परिच्छेद बराच सावकाश उतरतो.

ओलामा, एलएम स्टुडिओ ही घरच्या मशीनसाठीची नेहमीची साधनं मॉडेल सीपीयूवर किंवा ग्राफिक्सवर चालवतात. एनपीयूसाठी मॉडेल वेगळ्या रूपात बांधावं लागतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर एनपीयूचा आलेख असतो. टॅली किंवा ओलामा चालू ठेवून तो बघा, सपाट रेषच दिसेल. व्हिडिओ कॉलमध्ये मागचं दृश्य धूसर करताना तो हलतो.

दर्जाचं म्हणाल तर ८ अब्जांची मॉडेलं सामान्यरूपात आणि लिंगवचनात चुकतात. त्याहून वाईट म्हणजे 'सुधारताना' आडनाव किंवा रक्कम गुपचूप बदलतात. म्हणून पूर्ण मजकूर लिहून मागू नका, 'चुकलेल्या शब्दांची यादी दे' एवढंच सांगा आणि दुरुस्ती हाताने करा. नुसत्या शुद्धलेखनासाठी लिब्रेऑफिसचं मराठी स्पेलचेक एक्सटेन्शन पुरतं. ते ४ जीबी रॅमवरही धावतं.

घोडबंदर_रोड

डीएससीचं लक्षातच नव्हतं, मनापासून आभार. मग सध्या जुनाच वापरायचा ठरवला तर कुठून सुरुवात करू? विंडोज १० चं काय?

कळवा_खाडी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा ८व्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे अडचण नाही. क्रम मात्र पाळा.

सगळ्यात आधी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मग टॅलीचं लायसन्स सरेंडर करा (म्हणजे या मशीनवरून परत करा). हे राहिलं की नव्या डिस्कवर ते पुन्हा चालू करताना त्रास होतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हात घातला की ती मागितली जाते.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' बघा. '२ पैकी १' असेल तर आणखी ८ जीबीची डीडीआर४ एसओडीआयएमएम (लॅपटॉपच्या मापाची) पट्टी. एकच स्लॉट असेल तर १६ ची एक. ती पुरेल, पण मेमरीचा वेग दुप्पट होणार नाही. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी, ५०० जीबी. बोर्डावर एम.२ खाच (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) असली तर घाई करू नका : काहींत फक्त साटा चालतं, काहींत एनव्हीएमई ही वेगवान जोडणी. सर्व्हिस मॅन्युअल बघूनच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाणार असाल तर जुनी पट्टी सोबत न्या.

क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करण्यापेक्षा कोरं इन्स्टॉल करा. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची असली तर क्लोनही तसाच होतो आणि विंडोज ११ चं इन्स्टॉल अडतं. बायोसमध्ये लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद, यूईएफआय (नवी पद्धत) चालू, आणि पीटीटी (इंटेलचा टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारा सुरक्षा घटक) चालू करा. मग टीपीएम.एमएससी उघडून आवृत्ती २.० दिसते का ते पहा.

पावसाळ्यात उघडणार असाल तर पंख्यातली ओलसर धूळ ब्रशने काढाच. खाडीकाठच्या दमट हवेत ती लगदा होऊन बसते, प्रोसेसर तापला की वेग उतरतो, आणि दोष विंडोजला लागतो.

वाशी_लोकल

आर्म सरसकट मोडीत काढू नका. दिवसभर कॉलेजात बसणाऱ्याला त्याची बॅटरी खरोखर उपयोगी आहे. फक्त कॉलेजच्या विभागाची सॉफ्टवेअर यादी आधी पडताळावी. इंटेलच्या लूनर लेक आणि एएमडीच्या रायझन एआय ३०० प्रोसेसरांमध्येही ४० टॉप्स किंवा त्याहून जास्तीचा एनपीयू मिळतो, आणि तिथे तुमचे जुने ड्रायव्हर चालतात. म्हणजे पुढेमागे नवीन घ्याल तेव्हा डीएससी आणि नवा एनपीयू यांत एक निवडायची वेळ येणार नाही.

घेतलात तर एक करा. रिकॉल ही सोय स्क्रीनची चित्रं साठवत जाते. मूळ रूपात टीका झाल्यावर ती ऐच्छिक केली. थकबाकीच्या याद्या उघडणाऱ्या मशीनवर ती चालू करू नका. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' बंद आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा.

घोडबंदर_रोड

टास्क मॅनेजरमध्ये '२ पैकी १' दिसतंय. ८ ची पट्टी आणि साटा एसएसडी घेतो. टॅली आजच सरेंडर करतोय, पण रिटर्न भरून झाल्यावर.