काळ्या मातीतल्या लिंबाची मुळे कुजली. कुंडीत हवा कशी खेळती ठेवावी?

प्रश्न:
पुण्यात आमच्या गच्चीवर कागदी लिंबाची दोन झाडे १२ इंची प्लॅस्टिकच्या कुंड्यांत आहेत. माती शेतातून आणलेली काळी, त्यात एक तृतीयांश शेणखत आणि तळाशी दोन इंच खडी. जुलैपासून पाने पिवळी पडून दुपारी माना टाकू लागली, म्हणून आम्ही पाणी वाढवले, तर झाडे आणखीच खंगली. काल एका कुंडीतला गड्डा बाहेर काढला. तळाकडची मुळे तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढताच त्यांची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि हातात नुसता दोरा उरत होता. मातीला गटारासारखा वास होता. मी दर रविवारी खुरपीने माती मोकळी करतो, तळाला खडीही आहे, मग चुकले कुठे?

प्रतिसाद १:
खुरपीने वरची दीड-दोन इंच माती हलते आणि पृष्ठभागालगतची बारीक मुळे मात्र तुटतात. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो हवेच्या मानाने पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे मातीतील पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, त्यांना पाणी शोषता येत नाही आणि ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेले दिसते. काळी माती ओली झाली की फुगते, म्हणजे उरल्यासुरल्या पोकळ्याही मिटतात. शेतात तिला खोली असते, कुंडीत ती नसते.

प्रतिसाद २:
आमच्याकडे पूर्वीपासून तळाला विटांचे तुकडे घालतात. खडीऐवजी ते घालून पाहावेत, निचरा सुधारेल.

प्रतिसाद ३:
या सल्ल्याशी मी सहमत नाही, जरी मीही तो अनेक वर्षे पाळला. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते दोहोंच्या सीमेवर अडून राहते. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरावा, ठिबकणे थांबले की उभा करावा. आणखी पाणी गळते, तरी खालची कड ओलीच राहते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा ओला थर असतोच आणि खडीमुळे तो दोन इंच वर, थेट मुळांत सरकतो. छिद्रावर एक खापरी पुरे. विटांचे तुकडे मात्र उपयोगाचे आहेत. ते हरभऱ्याएवढे फोडून, भुकटी चाळून टाकून, सगळ्या मिश्रणात कालवावेत. मी दोन भाग लाल माती, दोन भाग भाताचे अर्धवट जळालेले तूस, एक भाग विटांचे तुकडे आणि एक भाग गांडूळखत घेतो. काळ्या मातीत थोडी बारीक वाळू मिसळण्याचा मोह टाळावा, कारण ती पोकळ्या वाढवण्याऐवजी बुजवते.

मिश्रण जमले का, हे मोजता येते. तळाला छिद्रे पाडलेल्या बादलीची छिद्रे बंद करून ती मिश्रणाने भरावी, पाणी पृष्ठभागावर येईपर्यंत सावकाश ओतावे, मग छिद्रे उघडून गळलेले पाणी मोजावे. १० लिटर मिश्रणातून दीड लिटर गळले, तर निचऱ्यानंतर १५ टक्के जागा हवेला मिळाली. लिंबासाठी मी याहून कमी चालवून घेत नाही.

प्रश्नकर्ता:
आज मोजून पाहिले. जुन्या मातीतून १० लिटरमागे जेमतेम ४०० मिलिलिटर गळले, नव्या मिश्रणातून १ लिटर ७०० मिलिलिटर. कुजलेली मुळे छाटून एक झाड नव्या मिश्रणात लावले आहे, छिद्रे मोकळी राहावीत म्हणून कुंडी विटांवर ठेवली आहे आणि तूर्त ती सावलीत आहे. दुसऱ्या झाडाची पाने अजून हिरवी आहेत. त्याचा गड्डा आताच फोडावा की पाऊस ओसरेपर्यंत थांबावे?

प्रतिसाद ३:
थांबू नये. तळाकडची मुळे पांढरी असतील, तर गड्डा न फोडता कडेची माती तेवढी बदलावी. वास येत असेल, तर पहिल्यासारखेच करावे.