देवाने तुम्हाला कशासाठी निवडलं? – अनुभव धागा

मंडळीत साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, 'देवाने मला निवडलं' असं आपण सहज म्हणून जातो. मला ते म्हणायला फार वर्षं लागली, म्हणून हा धागा. तुम्हाला ते कधी आणि कशावरून कळलं? नाही म्हणून पाहिलंत का? चमत्कारच हवा असं नाही. बायबलमधल्या लहान शमुवेलालाही देवाची हाक तीनदा म्हाताऱ्या याजक एलीचीच वाटली होती.

सुरुवात माझ्यापासून. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी आली की मी त्या रविवारी आजारी पडायचो. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव बोलावतो तेव्हा मोशे 'मी जिभेचा जड आहे' म्हणतो, तो भाग मी कितीदा वाचला असेन! देवाने त्याची जीभ मोकळी केली असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. सोबतीला भाऊ अहरोन दिला आणि त्याच जिभेनिशी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभं केलं, तेही 80व्या वर्षी.

पुढे संडेस्कूलमध्ये एक मुलगा आला, माझ्यासारखाच. पहिल्या दिवशी त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. इतर मुलं त्याच्याऐवजी सांगायला लागली. मी त्यांना थांबवलं आणि वाट पाहिली. बराच वेळ गेला, पण नाव त्यानेच सांगितलं. ती शांतता किती जड असते आणि तेव्हा समोरच्याने फक्त थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी अजून अडखळतो. पण आता रविवारी वाचतो.

*

हन्नेने आपल्या मुलाला, शमुवेलाला वाहिलं तसं माझ्या आईने मला जन्माआधीच देवाला वाहिलं होतं. मी पाळक होणार हे घरात ठरलेलंच होतं. पाळकांचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत गेलो आणि दुसऱ्या वर्षी सोडून आलो. कितीतरी वर्षं मला वाटायचं, मी योना आहे, देवाची आज्ञा टाळून तार्शीशला पळालेला. त्याच्यावर आलं तसं वादळ कधी येतंय याची वाटच बघत होतो म्हणा ना.

मी सुतारकाम करतो. निर्गम 31 मध्ये बसालेल या कारागिराची गोष्ट आहे. देव त्याचं नाव घेऊन सांगतो की याला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकडाचं कोरीव काम करायला! संदेश देण्याचा तिथे शब्दही नाही. ते वाचलं त्या दिवशी मी रंधा हातात धरून रडलो. चालता न येणाऱ्या मुलांसाठी मी आता मापाच्या खुर्च्या बनवतो. प्रत्येक मुलाची पाठ वेगळी, त्यामुळे दोन खुर्च्या सारख्या होत नाहीत. आईला अजून पूर्ण पटलेलं नाही. ती नवस फेडल्यासारखं पाळकांकडे माझं नाव सांगते, आणि मी तिला दुखवत नाही.

*

माझं पाचारण, म्हणजे देवाची हाक, एका दुपारपुरतं होतं.

ज्या माणसामुळे माझी नोकरी गेली तो रुग्णालयात होता. प्रार्थनेत त्याचंच नाव येत राहिलं. मी देवाशी वाद घातला, जसा दिमिष्कात हनन्या या शिष्याने, ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला सांगितल्यावर, घातला होता. शेवटी गेलो. हनन्याने घरात शिरल्यावर शौलाला पहिल्याच वाक्यात 'भाऊ' म्हटलं होतं. मला तेवढा एक शब्द उच्चारायलाच सगळी शक्ती लागली. आमची पुन्हा भेट झाली नाही.

*

थोडं वेगळं लिहिते. तरुणपणी मला सांगितलं गेलं की तुझ्यावर विशेष अभिषेक आहे. मी ते इतकं घट्ट धरलं की घरच्यांचं बोलणं मला हलकं वाटू लागलं. बहिणीशी दोन वर्षं अबोला होता. बायबलच्या अनुवाद पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव इस्राएलला स्पष्ट सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून निवडलं नाही, उलट तुम्ही सगळ्यांत थोडे होता. मी प्रीती केली म्हणून. हे वाचून मी आधी बहिणीला फोन केला. कुणाला 'तू निवडलेला आहेस' सांगणार असाल, तर हा अध्यायही त्याच्या हाती द्या, अशी कळकळीची विनंती.

*

मला सेवेसाठी दूर जायचं होतं. सगळं ठरलं होतं. मग भाऊ अंथरुणाला खिळला आणि मी राहिले. नऊ वर्षं झाली. मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना होते ती 'हिला तिचं पाचारण मिळो' अशी, आणि मला ती ऐकवत नाही.

वर शमुवेलाचा उल्लेख आलाय. तो वाचताना माझं लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे जातं. हाक देवाची आहे हे त्याला माहीत नव्हतं. डोळे मंदावलेल्या म्हाताऱ्याने बोलावलं असं समजून तो अंधारात तिन्ही वेळा उठला आणि धावत गेला.

काल रात्री भावाला कुशीवर वळवायला उठले. त्याने विचारलं, "ताई, कंटाळत नाहीस?"

म्हटलं, "हाक आली, उठले."

तो म्हणाला, "मी तर हाक मारलीच नव्हती."