विषय: ट्रकच्या पुढच्या चाकांत खरखर, शनिवारी ढोल आणायचेत

नमस्कार मंडळी,

गणपतीचं सामान दरवर्षी ज्या ट्रकमधून येतं, तो माझा 2010 चा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारा) फोर्ड एफ-150 पिकअप रुसलाय. गाडी टू-व्हीलमध्येच असते, म्हणजे इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं, पण डेन्व्हरजवळ आय-70 हायवेवर फ्लॉइड हिलचा चढ लागला आणि पाय दाबला की पुढच्या चाकांतून खरखर येते, मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखी. पाय उचलला की गप्प. सपाटीवर काही नाही. मातीच्या रस्त्यावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाकून पाहिली, तेव्हाही गप्प. गॅरेजवाला म्हणतो, दोन्हीकडचे बेअरिंग आणि हब बदला, अकराशे डॉलर. बदलू का?

– ढोलवाहक

*

अरे थांब, कार्ड पुढे करू नकोस!

बेअरिंग गेलं असतं तर सपाटीवरही वेगाबरोबर घूंऽऽ करत राहिलं असतं. तुझ्या गाडीचं गणित उलटं आहे. पुढची चाकं जोडायला नाही, सोडवून ठेवायला व्हॅक्यूम लागतो. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, दातेरी कडं मागे ओढून धरतो. तो गेला की आतली स्प्रिंग कडं पुढे ढकलते आणि चाक ॲक्सलला जोडलं जातं. चढावर थ्रॉटल उघडतो, तेव्हा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतोच. तेवढा वेळ चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) आणि छोट्या टाकीने निभावून न्यायचं असतं. नळी कुठे फुटकी असेल तर कडं अर्धवट पुढे येतं आणि दात दातांवर घासतात. फोर-हायमध्ये कडं पूर्ण बसतं, म्हणून आवाज नाही.

साबणाचं पाणी लावत बसू नकोस. ते सायकलच्या पंक्चरला, तिथे हवा बाहेर येते. इथे ती आत ओढली जाते, फेस कुठून येणार? पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून व्हॅक्यूमचा हातपंप उसना आण. चाकाजवळ नळी काढ, हबला पंप लाव, 18 इंच (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) ओढ आणि मिनिटभर काट्याकडे बघ. हलला नाही तर हब ठणठणीत. मग इंजिनच्या दिशेने एकेक तुकडा तपासत मागे ये. चेक व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंक. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. मॅनिफोल्डलाही गेज लाव, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) 18-20 दिसायला हवेत.

शनिवारपर्यंत नाहीच जमलं तर मॅनिफोल्डकडून येणाऱ्या नळीला बूच मार. हब कायम जुळलेले राहतील, पेट्रोल थोडं जास्त जाईल, इतकंच. पण खरखर लपवायला डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये चालवलीस तर ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) वाटोळं होईल.

– ट्रकवाले काका

*

काका, बाकी सगळं पटलं, पण मॅनिफोल्डचे 18-20 समुद्रसपाटीचे झाले! दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा. डेन्व्हर 5,280 फुटांवर, म्हणजे आयडलला 13-15 दिसले तरी इंजिन धडधाकट. नाहीतर हा बिचारा नसलेली गळती शोधत बसेल. आणि आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्याही वर आहे. खाली समुद्रकाठी जी बारीक गळती कळणारही नाही, ती आपल्याकडे घाटात बोंब मारते.

जॅकवर चाक उचलशील तेव्हा खाली स्टँड लाव रे. मग गंमत बघ: इंजिन बंद असताना चाक फिरवलं की ॲक्सलही फिरतो, हबला पंपाने व्हॅक्यूम दिला की ॲक्सल जागेवर आणि चाक एकटंच फिरतं.

– जीपवाली ताई

*

ताई बरोबर आहे. मी ह्यूस्टनचे आकडे इथे ठोकत होतो. पंचवीस वर्षं झाली तरी जात नाहीत.

– काका

*

काका, ताई,

डावा हब: 18 वर काटा स्थिर. उजवा: तोही. म्हणजे अकराशे डॉलरवर पाणी सोडणार होतो, तेच दोन्ही भाग चांगले निघाले. सोलेनॉइडपासून (व्हॅक्यूम चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपासून) चाकांपर्यंतच्या नळ्याही ठीक. चेक व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइडमधल्या तुकड्याला पंप लावला तर काटा वर चढेचना.

बॅटरीमागे हात घातला आणि बोटांना आधी टरफलं लागली, सूर्यफुलाच्या बियांची. मूठभर. मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेल्या बिया उंदराने तिथे नेऊन खाल्ल्या होत्या आणि तोंडी लावायला नळी. खालच्या बाजूला बारीक दातांची ओळ आणि तांदळाएवढं भोक. वरून नळी नवीकोरी.

आधी काळी टेप गुंडाळली. (काका, ओरडू नका.) गरम झाल्यावर चिकटपणा सुटला, फ्लॉइड हिलवर पुन्हा खरखर. मग तो तुकडाच कापला आणि त्याच आतल्या मापाची नवी व्हॅक्यूमची नळी बसवली. मिनिटभर काटा हलला नाही. काल बोगद्यापर्यंत जाऊन आलो, आवाज नाही.

ढोल शनिवारी दहाला हॉलवर पोचतील. पंप सोमवारी परत करायचाय; कोणाला लागणार असेल तर ढोल उतरवायला या आणि घेऊन जा. आणि कोणाकडे आळशी नसलेलं मांजर आहे का?

– ढोलवाहक