टाइमिंगआधी पॉइंटची फट

जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावताना, डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) फिरवत जावा आणि इंजिन सर्वांत वेगाने धावेल तिथे घट्ट करावा, ही सूचना मला धोक्याची वाटते. आयडलिंगला, म्हणजे भाराविना मंद चालताना, इंजिन बरेच ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणे) निमूट सोसते. घाटात, वरच्या गिअरमध्ये भार आला की तेच टाइमिंग नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी ठोकर) करून पिस्टनची हानी करते.

सुरुवात कॉन्टॅक्ट पॉइंटपासून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांपासून, करावी. त्यांच्यातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) ०.०१५ इंचांच्या आसपास ठेवावी, कारण ती वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टाइमिंग आपोआप पुढे सरकते; म्हणूनच टाइमिंग लावून झाल्यावर फट बदलली तर सगळी मेहनत वाया जाते. मग इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवून, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असताना, पुलीची खाच मॅन्युअलमधल्या अंशाच्या खुणेवर आणावी. खूण ओलांडली गेल्यास थोडे मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे टाइमिंग चेनचा ढिलेपणा मोजमापात शिरत नाही.

आता बारा व्होल्टचा दिवा डिस्ट्रिब्युटरच्या लो-टेन्शन (कमी व्होल्टेजच्या तारेच्या) टोकाला आणि अर्थिंगला जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग, रोटर, वरून पाहता डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरतो; म्हणून बॉडी आधी डावीकडे नेऊन दिवा विझवावा आणि मग अगदी सावकाश उजवीकडे आणावी. दिवा ज्या क्षणी पेटतो, तिथेच क्लॅम्प आवळावा. आवळताना बॉडी किंचित सरकतेच, तेव्हा पुली पूर्ण फेरे फिरवून दिवा पुन्हा खुणेवरच पेटतो ना, हे तपासावे.