बाइट टर्बोसाठी सिलिकॉनचे साचे: कंपोझिट कोणतं आणि टर्बो निघतात का?

आडदाढ
डीप बाइटमध्ये (वरचे पुढचे दात खालच्यांना जास्त झाकतात तेव्हा) खालच्या ब्रॅकेटना जागा मिळावी म्हणून वरच्या दोन सेंट्रलच्या (मधल्या पुढच्या दातांच्या) मागे कंपोझिटचे (लाइटने घट्ट होणाऱ्या मटेरियलचे) टर्बो, म्हणजे चावताना दात अडवणारे छोटे उंचवटे, करायचे असतात. हाताने आकार दिला तर डावा-उजवा सारखा होत नाही, म्हणून दांड्यावर बसणारे छोटे सिलिकॉनचे साचे घेतले. आता चार-पाच दिवसांत एक तरी टर्बो निघतो, आणि काही तर साचा काढतानाच सोबत येतात. फ्लोएबल (पातळ, वाहणारं कंपोझिट) वापरावं की पेस्ट (घट्ट)? साच्याला आतून काही लावायचं का? आणि हाच साचा लिंग्वल रिटेनरला (दातांच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या तारेला) चालेल का?

निळा दिवा
आधी निघालेला टर्बो टाकून देऊ नका, त्याची दाताकडची बाजू बघा. दात स्वच्छ आणि सगळं कंपोझिट टर्बोवर असेल तर एचिंग (पकडीसाठी ॲसिडने दात खरखरीत करणं) किंवा लाळ, यात चूक आहे. अर्धं दातावर, अर्धं हातात असेल तर आत बुडबुडा आहे किंवा आतपर्यंत क्युअर (लाइटने घट्ट) झालेलं नाही. मागची कड तुटून बाकी टर्बो जागेवर असेल तर बाइट (चावताना दात टेकण्याचा मेळ) चुकलाय. साच्याने फक्त आकार मिळतो, पकड दाताची. तरी ओलाव्याचं खापर बहुतेक वेळा साच्यावरच फुटतं.

पॅलेटल (टाळूकडच्या) बाजूला सिंग्युलमच्या (दाताच्या मागच्या फुगवट्याच्या) खाचेत प्लाक हमखास उरतो. फ्लोराइड आणि तेल नसलेल्या प्युमिसने घासा, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद, १५ सेकंद धुवा, वाळवा. खडूसारखा पांढरा रंग सगळीकडे दिसला नाही तर पुढे जाऊ नका. वाळवल्यावर लाळ लागली तर नुसतं पुसून भागत नाही, पुन्हा एच करायचं. नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये उच्छ्वासाची वाफही तेच करते, म्हणून सक्शन टाळूपाशी चालू ठेवा.

मोजपट्टी
साच्याला आतून काहीही लावू नका, बाँडिंग एजंट तर नाहीच. कोरडा, स्वच्छ सिलिकॉन कंपोझिटला चिकटत नाही. चिकटत असेल तर साचा जुना किंवा खरखरीत झालाय, बदला.

भरताना मात्र काळजी घ्या. साच्याचा तळ म्हणजे टर्बोची चावण्याची बाजू, तिथे हवा अडकली की पहिल्याच आठवड्यात कड उडते. पेस्ट थोडी थोडी न टाकता एकाच गोळ्याने दाबून भरा, वर मधोमध किंचित फुगवटा ठेवा. दातावर प्रायमर (कंपोझिटला पकड देणारं द्रव) क्युअर केल्यावर फ्लोएबलचा पातळ थर द्या, तो क्युअर न करता त्यावर भरलेला साचा दाबा. फ्लोएबल फटी भरतं, पेस्ट झीज सोसते. नुसतं फ्लोएबल भरलेला टर्बो जास्त आकसतो आणि लवकर झिजतो.

दाबल्यावर चारही बाजूंनी थोडं बाहेर यायलाच हवं. काहीच आलं नाही तर कमी भरलंय. हे जास्तीचं क्युअरच्या आधी प्रोबने (टोकदार हत्याराने) काढा आणि हिरडीपासून साधारण १ मिमी मोकळं ठेवा. क्युअर झाल्यावर तेच काम बरवर (घासायच्या ड्रिलवर) येतं, आणि हिरडीशी बर नेणं नकोच.

निळा दिवा
साचा काढताना टर्बो सोबत येतो त्याचं कारण: सरळ ओढणं. आत पोकळी होते आणि ओढ थेट नव्या बाँडवर येते. दांडा बाजूला झुकवा, एक कड सुटून हवा आत शिरली की साचा आपोआप मोकळा होतो. काढण्याआधी साच्यातून किमान २० सेकंद लाइट द्या, काढल्यावर वरून २० आणि लेबियल (ओठाकडच्या) बाजूने दातातून आणखी २०. साचा अपारदर्शक असेल तर त्यातून दिलेला वेळ हिशेबात धरू नका. टर्बो २ मिमीपेक्षा जाड असेल तर एका झटक्यात सगळं पिकत नाही.

मग आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर ठसा उमटवणारा रंगीत कागद). दोन्ही टर्बोवर एकाच वेळी, सारखा ठसा हवा. एकावरच ठसा असेल तर सगळा भार त्याच्यावर, तोच निघणार. आणि ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांपासून किती पुढे आहेत ते) आधी मोजा! जास्त असेल तर खालचे दात टर्बोच्या मागे जाऊन बसतात, जबडा मागे ढकलला जातो. तिथे दाढांवर रंगीत ग्लास आयोनोमरचे (एक प्रकारच्या दंत-सिमेंटचे) टर्बो बरे. काढताना इनॅमल आणि सिमेंट वेगळं दिसतं.

तारेवरची कसरत
रिटेनरला हा साचा नको. तारेचा साचा वेगळा येतो, उथळ, दोन्ही बाजूंना तार बसायला खाच असलेला. तार आधी मॉडेलवर पूर्ण पॅसिव्ह (दातांवर जोर न देणारी) वाकवा, दातांमधून फ्लॉस ओढून जागेवर धरा, मग एकेका दाताला पॅड (तार धरणारा कंपोझिटचा ठिपका). इथे फ्लोएबल चालतं. पॅड दातांच्या मधल्या फटीत उतरलं तर फ्लॉस जात नाही, म्हणून साचा थोडा कमीच भरा. टर्बोच्या उलट. दाबताना तार दाबून वाकवली तर ती वाकलेलीच क्युअर होते आणि काही महिन्यांत दात फिरवते. पॅड निघालं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

आडदाढ
कळलं, भरणं आणि ओढणं दोन्ही चुकतंय. एका पेशंटच्या सेंट्रलवर पॉर्सेलिनचं क्राउन आहे. त्यावर?

मोजपट्टी
आधी क्राउन कशाचं आहे ते शोधा. काचेचं पॉर्सेलिन असेल तर ९.६ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड जेल, उत्पादकाने दिलेला वेळ, मग सायलेन (पॉर्सेलिन आणि कंपोझिट जोडणारं द्रव). हिरडीवर बॅरियर, जोरदार सक्शन. हे ॲसिड मऊ ऊतींना खोल भाजतं. झिर्कोनियावर या ॲसिडचा उपयोग नाही: ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने सँडब्लास्ट आणि एमडीपी (झिर्कोनियाला चिकटणारं रसायन) असलेला प्रायमर. टर्बो काढताना ग्लेझ (क्राउनची चकाकी) जाणार आणि क्राउन तडकूही शकतं, हे पेशंटला आधी सांगून लिहून घ्या. शक्य असेल तर क्राउनला हात न लावता दोन्ही टर्बो दाढांवर न्या. एक पुढे आणि एक मागे असं मात्र करू नका.