कळसूबाईच्या उतारावर कडा आणि पदर पुन्हा पुन्हा येतात; उताराचे भाग कसे ठरवावेत?

नमस्कार. पदव्युत्तर भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी मी कळसूबाईच्या बारी गावाकडील उताराचा छेद (उतार बाजूने कसा दिसतो याची आकृती) तयार करत आहे आणि त्याचे भाग पाडताना अडले आहे. ॲलन वुड यांनी 1942 मध्ये मांडलेल्या व लेस्टर किंग यांनी 1953 मध्ये पुढे नेलेल्या कल्पनेनुसार उताराचे चार भाग मानले जातात : माथ्याजवळचा बहिर्वक्र (बाहेर फुगीर) उतार, त्याखालचा उघडा कडा, कड्यातून पडलेल्या दगडांचा घसारा आणि पायथ्याचा मंद, अंतर्वक्र (आत खोलगट) उतार. 1646 मीटर उंचीच्या या शिखराच्या उतारावर मात्र हे चार भाग एकदाच येत नाहीत. वाटेत जिथे जिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, तिथे तिथे काळ्या कातळाचा उभा टप्पा आहे. त्याच्या पायथ्याशी मुरूम आणि सुटे दगड, मग गवताळ पदर, म्हणजे मंद उताराची पट्टी, आणि त्याखाली पुन्हा कातळ.

संपूर्ण डोंगर बेसॉल्टचाच आहे. खडक एकच असताना उतार इतका पायऱ्यापायऱ्यांचा का व्हावा, आणि प्रत्येक पायरीचे चार भाग वेगळे दाखवावेत की सर्वांत वरचा कडा तेवढा खरा कडा मानून मधला सारा उतार घसाऱ्यात धरावा, हे मला ठरवता येत नाही. तुलनेसाठी मी हंपीच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि पाचगणीचे टेबललँड घेतले आहे. ही निवड योग्य आहे का, तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘खडक एकच’ या गृहीतकातच आहे. बेसॉल्ट हे नाव एक असले, तरी उताराच्या दृष्टीने तिथे निदान दोन खडक आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पसरले. त्यांतील घट्ट, एकसंध थरांत निवताना उभ्या भेगा पडल्या. पाणी त्या भेगांत शिरते, एकेक ठोकळा सुटून खाली येतो आणि मागे उरणारा पृष्ठभाग पुन्हा उभाच असतो. त्यामुळे कडा मागे सरकला तरी कडाच राहतो. याउलट वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेला आणि त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरलेला थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो, त्यावर माती धरते, कारवीचे रान माजते आणि उतार मंदावतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल, मातकट पट्टा आढळतो. तो मऊ असल्याने आधी झिजतो, वरच्या कातळाखाली कपार तयार होते आणि आधार गेलेला कातळ कोसळतो. कपारीत पाणी झिरपताना दिसले, तर हा पट्टा जवळपास असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून चार भागांची मांडणी संपूर्ण डोंगराला एकदा लावण्याऐवजी थरांच्या प्रत्येक जोडीला लावावी. मात्र पूर्ण चार भाग प्रत्येक पायरीवर सापडतीलच असे नाही. पदर अरुंद असेल तर वरून आलेले दगड तिथे थांबतच नाहीत आणि अंतर्वक्र भाग बनायला जागाच उरत नाही. जे दिसत नाही, ते छेदात काढू नये.

हंपीची निवड उत्तम आहे. ग्रॅनाइटमध्ये भेगांचे जाळे विरळ असते. भेगांच्या कडेने रासायनिक झीज होऊन गोलाकार शिळा उरतात आणि बाकीच्या खडकाची थेट भरड वाळू होते. शिळा आणि वाळू यांच्या मधल्या आकाराचे दगड फारसे नसल्यामुळे घसाऱ्याचा भाग तोकडा राहतो आणि टेकडी जवळच्या सपाट भूमीला एकदम, ठळक कोनात मिळते. पाचगणीला वरचे टोपण जांभ्याचे आहे. तिथे सपाट माथा तुटक्या कडेवर संपतो, बहिर्वक्र भाग जवळजवळ नसतो, आणि टोपणाखालचा कुजलेला, चिकण थर झिजला की जांभ्याचे मोठे ठोकळे खाली येऊन उतारावर विखुरतात. माझ्या मते पाचगणी हा कळसूबाईच्या एका पायरीचाच मोठा नमुना आहे. खरी वेगळी तुलना हंपीशीच होईल.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका अशी की, 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावरून काढलेल्या माझ्या छेदात यांतल्या बऱ्याच पायऱ्या उमटतच नाहीत.

प्रतिसाद 2

त्या नकाशांवर समोच्च रेषांमधील अंतर साधारणतः 20 मीटर असते. 12-15 मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज हरवतो आणि त्या जागी केवळ एक तीव्र, सरळ उतार दिसतो. एरवी या नकाशांना तोड नाही, पण या कामासाठी ते अपुरे आहेत. निदान एका पायरीवर क्लायनोमीटर किंवा ॲबनी लेव्हल (दोन्ही उताराचा कोन मोजणारी उपकरणे) आणि टेप घेऊन उतार बदलेल तिथे नोंद करावी, ठरावीक अंतरावर नव्हे. कोनाबरोबर पायाखाली काय आहे, म्हणजे अखंड कातळ, मुरूम, सुटे दगड की माती, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. सुट्या दगडांचा घसारा बहुधा 35 अंशांच्या आसपास स्थिरावतो. त्याहून बराच मंद उतार आढळला आणि वर गवत असेल, तर तो घसारा आहे की जागेवरच कुजलेला सच्छिद्र थर, हे ओढ्याच्या कापात उघडा भाग शोधून पाहावे : दगड कोनदार आणि अस्ताव्यस्त असतील तर ते वरून आलेले आहेत, आणि मुरमातही मूळ खडकाच्या पोकळ्या व पांढरे ठिपके जागच्या जागी दिसत असतील तर तो थर तिथलाच आहे.