आईनंतर भावाचं कसं करायचं? भावंडांनी कामं कशी वाटून घेतलीत?

सातपूरची ताई:
नमस्कार, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, दाखल्यावर ७५ टक्के, फिटच्या गोळ्या चालू आहेत. नाशिकला सिडकोत आईजवळ राहतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते गेले, आता आईला फॅमिली पेन्शन आहे. गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या पंधरा दिवसांत भाऊ धड जेवेना, आंघोळीला जाईना, दादा पुण्याहून आला तर त्याला गोळ्यांच्या वेळाच माहीत नाहीत, मी सकाळ-संध्याकाळ सातपूर-सिडको पळतेय, आणि एका रात्री मी गोळी दिली आणि नंतर दादानेही दिली. लगेच डॉक्टरांना फोन केला, काही झालं नाही देवाच्या कृपेने, पण अजून आठवलं की पोटात गोळा येतो. बँकेत गेले तर गार्डियनचा कागद मागितला. घरी विषय काढला की आई रडते, दादा म्हणतो पैसे लागतील तेवढे पाठवतो. कोणी हे सगळं नीट बसवलंय का? सुरुवात कुठून करू?

गंगापूर रोडचा बाबा:
ताई, कागदाचं आधी सांगतो कारण त्याला वेळ लागतो. मूल १८ चं झालं की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप गार्डियन राहत नाहीत, हे आम्हालाही उशिरा कळलं. बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा, पालक किंवा नातेवाईक कोणीही करू शकतो. गार्डियन झालात की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि मग दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणून ज्याला हे खरंच जमेल त्याचंच नाव द्या, केवळ मोठा म्हणून दादाचं नको. निरामय, म्हणजे नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा, काढलाय का? १ लाखापर्यंत असतो, आधी मेडिकल तपासणी लागत नाही, थेरपीचाही खर्च त्यात बसतो. आणि पेन्शनचं तर उद्याच बघा. कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईनंतर फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, पण त्याचं नाव आई असतानाच रेकॉर्डला लावून घ्या, नंतर फार पळापळ होते.

निवृत्त बाई, नाशिकरोड:
मी २६ वर्षं विशेष शाळेत शिकवलं. कागद करालच, पण तुमचा गोंधळ झाला तो कागदामुळे नाही झाला, तुमच्या भावाचं सगळं एकट्या आईच्या डोक्यात आहे म्हणून झाला. आईच्या शेजारी बसून एक वही लिहा. गोळीचं नाव, वेळ, फिट आली तर काय करायचं, किती मिनिटांनी दवाखाना गाठायचा ते डॉक्टरांना विचारून. आणि त्याबरोबर लहान लहान गोष्टी, त्या फार महत्त्वाच्या असतात. माझा एक विद्यार्थी आई आजारी पडल्यावर तीन दिवस जेवला नाही, सगळ्यांना वाटलं आईची आठवण येतेय, मग कळलं की आई भाकरी कुस्करून द्यायची आणि मावशी अख्खी वाढत होती. वहीच्या मागे तक्ता करा, ज्याने गोळी दिली त्याने तिथेच सही करायची, मग डबल होणार नाही.
भावाला दिवसा काय काम आहे? नाशिकमध्ये रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली, तिथे आणि अशा इतर ठिकाणी मोठ्या मुलांच्या कार्यशाळेची चौकशी करा. घरात बसून राहिला तर आईशिवाय त्याला दुसरं माणूसच राहणार नाही.

इंदिरानगरकर:
माझी मोठी बहीण तशी आहे, ४० ची. आईला आम्ही "तुझ्यानंतर" असं म्हणायचो तोवर ती ऐकूनच घ्यायची नाही. मग मी म्हटलं, आई, रविवारी दुपारी ताईला मी सांभाळतो, तू मावशीकडे जाऊन ये. पहिले दोन रविवार ताईने दार धरून ठेवलं, तिसऱ्यांदा माझ्याबरोबर जेवली. आता महिन्यातून एक रात्र आमच्याकडे राहते. तुमच्या दादाला पुण्यात बसून करता येण्यासारखं पुष्कळ आहे, विम्याचं नूतनीकरण, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), पेन्शनचा पाठपुरावा, गोळ्या संपायच्या आत मागवणं. पैसे पाठवतो म्हणणाऱ्याला नेमकं काम दिलं की तो करतो, हा माझा अनुभव आहे. आणि दादाला रोज संध्याकाळी भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, उद्या भावाच्या अंगात ताप असताना दादाच उशाशी बसणार असेल तर चेहरा ओळखीचा हवा ना.

सातपूरची ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वही घेऊन बसले, आई आधी गप्पच होती, मग बोलायला लागली ती अकरा पानं झाली. आंघोळीचं कोडं सुटलं, आधी बादलीत त्याचा हात बुडवून पाणी त्यालाच बघू द्यायचं, मग तो स्वतःहून बसतो. एवढंच होतं, आणि मी पंधरा दिवस त्याला ओढत होते. दादाने पेन्शन आणि विमा घेतला. कार्यशाळेत पहिल्या दिवशी मी बरोबर थांबू की सोडून निघू? बाई, तुम्ही सांगा.

निवृत्त बाई, नाशिकरोड:
थांबा, पण त्याच्या समोर नको, बाहेरच्या बाकावर. आणि निघताना न सांगता निघू नका, "चार वाजता येते" म्हणा आणि चारला दारात उभ्या राहा.